कधी सेल्फ घेते, कधी नाही: जुन्या डिझेल पिकअपचा लपाछपी खेळणारा दोष कसा पकडायचा

मढला चहाला थांबलो होतो. मागे साठ क्रेट टोमॅटो, माळशेज उतरून पहाटेच्या आत कल्याणचं मार्केट गाठायचं. वीस मिनिटांनी चावी फिरवली तर सेल्फची, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरीची, एकच ‘टक्’, पुढे काही नाही. हेडलाइट मात्र लख्ख. टपरीवरच्या चौघांनी धक्का मारला, दुसरा गिअर टाकून क्लच सोडला आणि गाडी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्याने दहा वेळा चावी मारली, गाडी दहाही वेळा एका सेल्फला सुरू. “दादा, गाडीत काय बी नाय. बॅटरी तेवढी जुनी झालीय.”

बॅटरी बदलली. पंधरा दिवसांनी ओतूरला पेट्रोल पंपावर पुन्हा ‘टक्’. मग सेल्फ उतरवला. मोटरीच्या फिरत्या भागाला करंट देणारे कार्बन, दांडा ज्यात फिरतो ते बुश, चावी फिरवली की मोटरीला करंट जोडणारा सोलेनॉइड, सगळं नवं घातलं. महिनाभर बरं चाललं आणि भर पावसात आळेफाट्याला पुन्हा तेच. दोष कुठे होता ते पुढे येईलच. जे निघालं त्याची किंमत चहा-भज्यांपेक्षाही कमी होती आणि तोवर दहा हजारांवर पैसे गेले होते.

म्हणून हा लेख नव्याने जुनी गाडी घेतलेल्यांसाठी आहे. बोलायचंय ते यांत्रिक पंपाच्या, १२ व्होल्टच्या डिझेल पिकअपबद्दल. कॉमन रेलच्या, म्हणजे इंजिनात डिझेल इलेक्ट्रॉनिक पद्धतीने सोडणाऱ्या गाड्यांचं थोडं वेगळं असतं, ते शेवटाकडे सांगतो.

धक्का मारण्याआधी दोन मिनिटं

कायम बंद पडलेली गाडी सोपी. जी कधी सुरू होते आणि कधी होत नाही ती अवघड, कारण गॅरेजला पोचते तेव्हा ती चांगली असते आणि चांगल्या गाडीत दोष सापडत नाही. मग मेकॅनिक अंदाजाने सामान बदलतो. त्यात त्याचाही फार दोष नाही, त्याला तपासायला काही उरलेलंच नसतं.

गाडी अडून बसते ती दोन-चार मिनिटंच काय ती तपासायची वेळ. आपण नेमकी तीच धक्का मारण्यात घालवतो. मालाची घाई असते हे मान्य, पण कुणाला हाक मारायच्या आधी मीटर बाहेर काढा. डॅशबोर्डच्या खणात एक वहीही ठेवा. गाडी अडली की तारीख, गाडी गार होती की गरम, किती वेळ उभी होती, तोंड चढाला होतं की उताराला, टाकीत डिझेल किती, पाऊस होता का, आणि चावी फिरवल्यावर आवाज कसा आला, एवढं लिहायचं. चार नोंदी झाल्या की त्यांत काहीतरी सारखं दिसायला लागतं.

सामान फार लागत नाही. तीन-चारशे रुपयांचा डिजिटल मल्टीमीटर, इंडिकेटरच्या बल्बला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प, १० आणि १३ चे पाने, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर. आणि चावी फिरवायला एक माणूस. एकट्याने यातलं बरंचसं होत नाही.

हात घालण्याआधी गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना ते स्वतः गिअर हलवून बघा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. हातातली अंगठी आणि कडं काढून ठेवा. पाना किंवा कडं बॅटरीच्या प्लसवरून बॉडीला टेकलं तर क्षणात लालबुंद होतं. बॅटरी सोडताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी. बॅटरीजवळ बिडी-सिगारेट नको, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

आधी कान द्या

‘गाडी सुरू होत नाही’ एवढं सांगून कुणालाच काही कळत नाही. आवाज कोणता येतो त्यावरून निम्मं काम होतं.

सेल्फ जोरात फिरतो, इंजिन पकडत नाही: वीज ठीक आहे, डिझेलकडे बघा. सेल्फ रडत-रडत फिरतो: बॅटरी, केबल, अर्थिंग (करंटची बॅटरीकडे परत जायची वाट) किंवा सेल्फचे बुश. भराभर ‘टक-टक-टक’ वाजतं आणि डॅशबोर्डचे दिवे मंद होतात: बहुतेक बॅटरी उतरली आहे किंवा तिचं टर्मिनल सैल आहे. एकच दणकट ‘टक्’ आणि शांतता: सोलेनॉइड ओढतोय, पण मोटर फिरत नाही. काहीच आवाज नाही: चावीपासून सोलेनॉइडपर्यंत करंटच जात नाही, म्हणजे चावीचा स्विच, रिले (थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच), फ्यूज किंवा सोलेनॉइडला जाणारी बारीक वायर.

वहीत हेच शब्द लिहा. ‘सेल्फ घेत नाही’ या एका वाक्यात यातल्या चार गोष्टी मावतात, म्हणून ते वाक्य इलेक्ट्रिशियनला सांगून उपयोग नसतो.

बॅटरी: आकडे काय सांगतात

गाडी काही तास उभी राहिली की मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून बॅटरीच्या शिशाच्या दोन खुंटांवर टेकवा. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली गेली तर आधी चार्ज करा, तोवर बाकीच्या तपासणीला अर्थ नाही.

पण उभ्या बॅटरीचा आकडा फसवतो. ठिबकच्या मेन लाइनमध्ये कचरा अडकला असेल तर वॉल्व बंद असताना गेज पूर्ण दाब दाखवतो. वॉल्व उघडला की काटा खाली येतो. बॅटरीचंही तसंच, तिचा दम ओझं पडल्यावर कळतो. डिझेल इंजिनचा सेल्फ दोनशे-तीनशे अँपिअर सहज ओढतो. म्हणून सेल्फ चालू असतानाचा आकडा बघायचा. इंजिन सुरू होऊ नये यासाठी डिझेल पंपावरच्या कट-ऑफ सोलेनॉइडची, म्हणजे डिझेल चालू-बंद करणाऱ्या सोलेनॉइडची वायर काढून ठेवा. बंद करायला ओढायची दांडी असलेल्या गाडीत ती दांडी ओढून धरा. मदतनिसाला सात-आठ सेकंद सेल्फ मारायला सांगा. बॅटरी ९.६ च्या वर टिकली तर तिच्यात जीव आहे. ९ च्या खाली कोसळली तर बॅटरी संपली आहे, नाहीतर सेल्फ आत घासून जास्त करंट खातोय. भरलेली दुसरी बॅटरी लावूनही तेवढीच कोसळली तर दोष सेल्फचा.

दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मधे मिनिटभर थांबा. सेल्फ जळतो तो बहुतेक वेळा ‘आता होईल, आता होईल’ करतानाच.

गाडी सुरू झाल्यावर बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. १३ च्या खाली राहिले तर अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट बघा. चार्जिंग ठीक आहे, तरी तीन-चार दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते, तर चावी काढल्यावरही काहीतरी करंट खातंय. टेप, बझर, ट्रॅकर, मागे लावलेले एलईडी. मायनसची केबल सोडून खुंट आणि केबल यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरवर लावा. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. अर्धा अँपिअर दिसला तर दिवसाला १२ अँपिअर-अवर गेले. ८० ची बॅटरी तीन-चार दिवसांत अर्ध्यावर येते. मग एकेक फ्यूज काढत जा. ज्याला आकडा पडतो तीच लाइन. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मात्र चुकूनही मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल, नाहीतर मीटरच जळेल.

चोर बहुधा केबलमध्ये

माझा दोष इथेच होता, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

सेल्फला करंट जातो प्लसच्या जाड केबलने आणि परत येतो इंजिनच्या लोखंडातून. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे चेसिसला त्याचा पक्का स्पर्श नसतो. ते जोडायला एक विणलेली तांब्याची पट्टी किंवा काळी केबल असते, गिअरबॉक्स किंवा इंजिनपासून चेसिसपर्यंत. हीच ती अर्थिंग. चिखल, पाणी, ऑइल सगळं तिच्यावर पडतं आणि कुणी तिच्याकडे बघत नाही.

तपासायची रीत अशी. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खुंटावर, केबलच्या क्लॅम्पवर नव्हे, थेट शिशावर. दुसरी पिन इंजिनच्या उघड्या लोखंडावर; रंग किंवा ग्रीस असेल तर खरवडा. मग सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.३ व्होल्टच्या आत हवा. तसंच प्लसच्या खुंटापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत: अर्ध्या व्होल्टच्या आत. यापेक्षा जास्त जे दिसेल ते व्होल्ट वाटेत कुठेतरी गळतायत, आणि जिथे गळतात ती जागा गरम होते. सेल्फ मारून झाल्यावर केबलच्या टोकांना हात लावा. जे टोक कोमट लागेल ते उघडा.

आळेफाट्याला गाडी अडली तेव्हा मी पहिल्यांदाच धक्का न मारता मीटर लावला. भाचा चावी फिरवत होता. बॅटरीवर १२.४, हलायला तयार नाही. म्हणजे बॅटरी ठीक, पण सेल्फ ओढतच नाही. मग मायनस खुंट ते इंजिन ब्लॉक: ७.८ व्होल्ट! तेवढ्यात भाचा म्हणाला, “मामा, एक्सलरेटरची केबल गरम लागतीय.” हात लावून बघितला तर खरंच. अर्थिंग तुटल्यामुळे बिचारा करंट मिळेल त्या वाटेने परत येत होता, एक्सलरेटरच्या बारीक तारेतून. हेडलाइट लख्ख का होते तेही कळलं: बॉडीची अर्थिंग वेगळी, ती शाबूत होती.

खाली घुसून बघितलं. क्लच प्लेटचं काम झालं तेव्हा गिअरबॉक्स उतरवला होता. परत बसवताना अर्थिंगची पट्टी बोल्टखाली घातली होती, पण चेसिसचा रंग न खरवडता, आणि बोल्टही पुरता आवळला नव्हता. इंजिन ज्या बाजूला कलून थांबेल त्याप्रमाणे पट्टी कधी टेकायची, कधी नाही. पॉलिश पेपर, एक स्प्रिंग वॉशर, १३ चा पाना. नंतरचा आकडा ०.१२.

त्यामुळे काम झालेल्या गाडीत दोष सुरू झाला असेल, तर आधी विचारा की शेवटचं काम कोणतं झालं आणि तिथे काय-काय सोडलं होतं.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ओता, ब्रशने घासा, पुसून कोरडं करा, आवळल्यावर वरून थोडं पेट्रोलियम जेली लावा. सीलबंद नसलेल्या बॅटरीत सोड्याचं पाणी झाकणांतून आत जाऊ देऊ नका. क्लॅम्प हाताने फिरत असेल तर तो सैल आहे. खिळा ठोकून घट्ट करण्याचा आपल्याकडचा उद्योग सोडा, नवा क्लॅम्प शे-दीडशेत येतो.

सेल्फ आणि चावी

केबल ठीक निघाल्या आणि तरी एकच ‘टक्’ येत असेल तर सोलेनॉइडकडे या. त्याला दोन जाड बोल्ट असतात: एकावर बॅटरीची केबल, दुसऱ्यावरून मोटरीत जाणारी आखूड जाड वायर. चावी फिरवून ‘टक्’ वाजत असताना मीटर या दोन बोल्टांवर टेकवा. जवळपास शून्य हवं. १२ दिसले तर आतले तांब्याचे संपर्क जळलेत. सोलेनॉइड बदला किंवा उघडून तांबं फिरवून बसवणारे कारागीर अजून आहेत. शून्य दिसतंय, मोटरीच्या बोल्टावर बॉडीच्या तुलनेत पूर्ण व्होल्ट पोचतायत आणि तरी मोटर मेलेली, तर कार्बन झिजलेत किंवा आर्मेचरचा, म्हणजे मोटरीच्या फिरत्या गाभ्याचा, एखादा भाग गेलाय. मदतनीस चावी धरून असताना सेल्फच्या पाठीवर लाकडी दांड्याने दोन हलके टोले द्या. टोल्याला फिरला तर कार्बन. पण हा इलाज नाही, ही निदानाची खूण आहे. त्या जिवावर आणखी सहा महिने काढणारे मला माहीत आहेत, शेवटी घाटातच अडकले.

काहीच आवाज नसेल तर सोलेनॉइडच्या बारीक वायरीवर, ज्या टोकावर बहुधा ५० लिहिलेलं असतं, टेस्ट लॅम्प लावा. लॅम्पचं दुसरं टोक बॉडीला. चावी फिरवल्यावर लॅम्प पेटला नाही तर मागे जात रहा: रिले, फ्यूज, चावीचा स्विच. लॅम्प पेटला तरी मीटरने बघा. सेल्फ मारताना या टोकावर १० च्या वर व्होल्ट हवेत. लॅम्प ८ व्होल्टवरही पेटतो, सोलेनॉइड मात्र ओढत नाही.

‘गार असताना सुरू, लांब पल्ल्यानंतर वीस मिनिटं उभी केली की नाही, तासाभराने पुन्हा सुरू’ अशी तक्रार असेल तर हीच जागा. इंजिन बंद केल्यावर त्याची धग सेल्फवर येते, सोलेनॉइडच्या तांब्याच्या कॉइलचा रोध वाढतो, आणि स्विचचे झिजलेले संपर्क आधीच दोन-तीन व्होल्ट खात असतात. दोन्ही मिळून घात होतो. इलाज सोपा: ३० अँपिअरची रिले. रिलेच्या पायांवर आकडे असतात: चावीची वायर ८६ ला, ८५ बॉडीला, ३० ला बॅटरीचा प्लस फ्यूजमधून, ८७ वरून सोलेनॉइडला. स्विचवरचं ओझं गेलं.

चावी थोडी डावी-उजवी हलवून सेल्फ घेत असेल तर तपासायचं काही राहिलं नाही, स्विच बदला. आणि गाडीला ट्रॅकर असेल तर बघा: काही ट्रॅकरमध्ये गाडी लांबून बंद करायची रिले असते, तिचे टेपने गुंडाळलेले जोड सैल झाले की गाडी अशीच मनात येईल तशी वागते.

स्क्रू ड्रायव्हरने सोलेनॉइडचा जाड बोल्ट आणि बारीक टोक जोडून सेल्फ फिरवतात, ते तुम्हीही पाहिलं असेल. त्याने चावीची बाजू दोषी की सेल्फची हे झटकन कळतं. पण गाडी गिअरमध्ये राहिली तर ती सुरू होऊन खाली झोपलेल्या माणसाच्या अंगावर जाते. नवख्याने करू नये.

सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही

आता विजेला सोडा. चावी ऑन करताना पंपाजवळ कान द्या. अनेक जुन्या गाड्यांत कट-ऑफ सोलेनॉइडचा बारीक ‘टिक्’ ऐकू येतो. वायर काढून परत टेकवली तरी तो वाजला पाहिजे. वाजला नाही तर डिझेलची वाट बंद आहे. त्या वायरीचं टोक फार वेळा सैल असतं, चिमट्याने जरा दाबलं की काम होतं. खेचून बंद करायच्या दांडीची गाडी असेल तर दांडी पूर्ण परत जाते ना ते बघा.

त्यानंतर हवा. आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीला रोज सकाळी दोन-तीन मिनिटं सेल्फ लागायचा, एकदा सुरू झाली की दिवसभर तक्रार नाही. हीटर (गार इंजिन आतून तापवणारे प्लग), नोझल, पंप, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. वही लिहायला लावली तर दहा दिवसांत दिसलं: टाकी भरून आणली त्या रात्रीनंतर सकाळी एका सेल्फला सुरू. आणि गाडी लावायची जागा होती घराच्या चढावर, तोंड वर. टाकीकडून येणाऱ्या रबरी पाइपाला क्लिपपाशी केसासारखी चीर होती. डिझेल बाहेर गळत नव्हतं, कारण ओढण्याच्या बाजूला गळती झाली तर हवा आत जाते. रात्रभरात लाइनमधलं डिझेल टाकीकडे उतरायचं.

हे पकडायला फिल्टर आणि पंपाच्या मध्ये वीतभर पारदर्शक डिझेल पाइप तात्पुरता घाला. सेल्फ मारताना बुडबुडे दिसले तर हवा येतेय. मग टाकीकडून पंपाकडे एकेक जोड, क्लिप, वॉशर तपासत या. हवा काढायची असेल तर फिल्टरवरचा स्क्रू थोडा ढिला करून हातपंप मारा. फेस जाऊन सलग डिझेल आलं की आवळा. फिल्टरच्या तळातलं पाणीही त्याच वेळी सोडून द्या, पावसाळ्यात तर नक्की.

जानेवारीत जुन्नरकडच्या थंडीत सकाळी अडणारी गाडी हीटरचीही असू शकते. मात्र जुन्या डायरेक्ट इंजेक्शनच्या बऱ्याच इंजिनांत हीटर प्लग नसतातच; आधी आपल्या गाडीत आहेत का ते बघा, मग बदला. ज्यात आहेत त्यात स्टार्टिंग स्प्रे मारू नका, पेट घेतो.

कॉमन रेलची गाडी असेल, तर गरम झाल्यावर सेल्फ फिरून न पकडणं आणि गार झाल्यावर सुरू होणं हे क्रँक सेन्सरचं, म्हणजे इंजिन कसं फिरतंय ते कळवणाऱ्या सेन्सरचं, नेहमीचं लक्षण. तिथे स्कॅनर लागतो. त्या गाडीत इंजेक्टरचे पाइप ढिले करून ‘हवा काढायला’ जाऊ नका. आतला दाब हजार बारच्या वर असतो, डिझेलची धार कातडीतून आत शिरते.

घरच्या अंगणात दोष बाहेर काढणं

रस्त्यावर वेळ मिळालाच नाही तर घरी गाडीला चिथावता येतं. मीटर लावून ठेवा, एकाला सेल्फ मारायला सांगा आणि एकेक केबल, कनेक्टर, फ्यूज बॉक्स हाताने हलवत जा. केबलला पंखा आणि बेल्टपासून लांब ठेवा. गरमीचा संशय असेल तर तासभर फिरवून आणून लगेच तपासा. पावसाचा असेल तर कनेक्टरवर स्प्रेच्या बाटलीने पाणी मारा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. अर्थिंग घासली, टर्मिनल बदललं आणि रिले लावली, सगळं एकाच दुपारी, तर गाडी सुरू होईल, पण काय होतं ते कधीच कळणार नाही.

इलेक्ट्रिशियनकडे जायची वेळ आलीच तर वही पुढे करा. “गरम झाल्यावर काहीच आवाज नाही, बॅटरी १२.४ वर ठाम, सेल्फ फिरतो तेव्हा अर्थिंग ०.१२, प्लस केबल ०.३, अडल्यावर बारीक वायरीवर ७.९” असं सांगितलं की चांगला माणूस थेट चावीच्या स्विचचे स्क्रू काढायला बसतो. आमच्या त्या इलेक्ट्रिशियनने माझी वही दोनदा उलटसुलट बघितली, मग विचारलं, “दादा, ह्यो मीटर कुठनं घेतला?”